पहिल्यांदाच पक्षी बघायला निघालायस?

मित्रांबरोबर जाताय ना, मग आधी सोलापूरजवळचा, तुळजापूर रोडचा हिप्परगा तलावच गाठा. हिवाळ्यात, आणि उजाडता उजाडता. नवखे इथंच फसतात: नाष्टापाणी उरकून दहाला पोचतात, मग उन्हात डोळे बारीक करत बसतात.

- चौघांत एक दुर्बीण बास. आठ बाय चाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं चाळीस मिमीची) बघ, लई मोठी नको.
- भडक शर्ट नको, मोबाईलवर गाणी तर नकोतच.
- फोटोसाठी पुढंपुढं सरकू नका. वारकरी नावाचा पाणपक्षी पाण्यावर पाय आपटत पळाला की समजायचं, जास्तच जवळ गेलो.

नावं पाठ करू नको. काळं अंग, पांढरं कपाळ म्हणजे वारकरी; लांब गुलाबी पाय म्हणजे शेकाट्या. पहिल्या दिवशी भरपूर झालं. कडक भाकरी, शेंगाचटणी न्या. नान्नजच्या माळाचं, म्हणजे तिथल्या माळढोक अभयारण्याचं, नंतर सांगतो.