रानातल्या माकडांचा अभ्यास करायचा असेल तर सुरुवात कशी करावी? आणि अशा अभ्यासाने शेतकऱ्याचं नुकसान खरंच कमी होतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर चार ओळींत संपतं, ते आधी उरकते. जीवशास्त्राची कुठलीही पदवी चालते. पुढे एम.एस्सी.ला डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळूरचं एनसीबीएस, म्हणजे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र. जागा मोजक्या, प्रवेश अवघड. माकडांवरच काम करायचं असेल तर म्हैसूरचे मेवा सिंग आणि बंगळूरच्या नियास या संशोधन संस्थेतले अनिंद्य सिन्हा यांचे शोधनिबंध वाचा. निरीक्षण कसं करावं यावरचा जीन ऑल्टमन यांचा १९७४ चा लेख पाठच करा, पन्नास वर्षांनीही त्याच्यावाचून कुणाचं चालत नाही. झालं.

दुसरा प्रश्न मात्र मला माझ्या काकांनी अकरा महिने रोज सकाळी विचारला आहे. मी दुर्बीण गळ्यात अडकवून निघाले की पडवीतून आवाज यायचा, "काय गो, आज तरी विचारतेस काय त्यांना, माझेच माड कशाला लागतात?" त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून जरा उसळलेच.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात. खाडीवरून वर चढलं की कातळ, आणि कातळाच्या कडेला वाडी. बावीस उंबरे, त्यातले नऊ फक्त गणपती-शिमग्याला उघडणारे. आमच्याकडे काळतोंडे वानर आणि लाल तोंडाची माकडं दोन्ही आहेत. वानर कौलं फोडतात, माकडं आगर लुटतात. एम.एस्सी.च्या प्रबंधाला मी माकडं घेतली, कारण सोपं होतं: राहायला घर फुकट, जेवायला काकीच्या हातचं.

पहिले दोन महिने वाया. मी दिसले की साठ पावलांवरून एखादं माकड खाकरल्यासारखं ओरडायचं आणि सगळी टोळी काजूंपलीकडे गडप. रोज तोच मळका हिरवा शर्ट, तीच टोपी. हातात काठी नाही, खाऊ नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. याला आमच्यात सवय लावणं म्हणतात. टोळीने तुमची दखल घेणं सोडलं पाहिजे, नाहीतर तुम्ही टिपता ते माकडांचं वागणं नसतं, घाबरलेल्या माकडांचं वागणं असतं.

तिसऱ्या महिन्यात कानतुटी आली. म्हातारी मादी, डावा कान अर्धाच, लोंबलेली आचळं बघून कळत होतं की बरीच बाळंतपणं झालेली. मी पोफळीखाली बसले होते. ती सहा पावलांवर येऊन टेकली. गालांच्या पिशव्या टच्च भरलेल्या. हाताची मागची बाजू गालावर दाबायची, एक शेंग दातांखाली सरकवायची, चावायची, पुन्हा दाबायची. जात्यात वैरण घालावी तसं संथ चाललेलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला आनंदाने रडू आलं. शेंगा काकांच्या होत्या.

त्यानंतर वही भराभर भरली. दर पंधरा मिनिटांनी कोण कुठे आहे आणि काय करतंय. त्यातून निघालं ते असं: टोळी आगरात शिरायची ती बहुतेक वेळा सकाळी, काका दूध घालायला गेले की, नाहीतर दुपारी वाडी आडवी झाली की. शिरायची नेहमी एकाच बाजूने. शेजारचं आगर मुंबईकरांचं, वीस वर्षं कुणी साफ केलेलं नाही, करवंदी आणि घाणेरी पार आमच्या गडग्याला टेकलेली. उघड्या कातळावरून ती एकदाही आली नाहीत. काकी ओरडली तर माकडं नुसती फांदी बदलायची, काका खाकरले तरी पळायची.

मी काकांना सांगितलं, गडग्याच्या पलीकडचं वीस-पंचवीस हात रान तोडा आणि सकाळचे दोन तास कुणीतरी आगरात बसा. काका म्हणाले, "हे सांगायला एम.एस्सी. कशाला? माझी आई सांगायची. तेव्हा राखणीला आम्ही पाच पोरं होतो. आता कोण बसणार, तू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. माकडं वाढली म्हणून सगळे बोंब मारतात. आमच्या वाडीत तरी माझ्या डोळ्यांदेखत जे घटलं ते माणूस. गलोल मारणारी पोरं विरार-डोंबिवलीला गेली आणि वरकस जमिनीवर काजू लागले. माकडाला यापेक्षा काय हवं? रानात दिवसभर पाला-फळं-किडे हुडकायचे, त्याऐवजी एका माडावर दहा मिनिटांत पोट भरतं.

नवव्या महिन्यात घरटी वर्गणी काढून माकडं पकडणारे बोलावले. मी म्हटलं, परवानगी काढली का? १९७२ च्या कायद्याने हा प्राणी संरक्षित आहे. काका म्हणाले, "वनखातं माझ्या माडावर चढणार हाय काय राखणीला?" काकांच्याच परसात पिंजरा लावला, आत केळी आणि शेंगदाणे.

दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी कानतुटी शिरली. मागून तिच्या दोन लेकी, त्यांच्या पोटाला पिल्लं. या माकडांत मुली आईपाशी राहतात आणि नर वयात आले की दुसऱ्या टोळीत जातात. म्हणजे जी टोळीचा कणा होती तीच आत गेली. जी कधी माझ्या जवळपास आली नाहीत, दोन उपरे नर आणि चार-पाच भित्र्या माद्या, ती लांब फणसावर बसून बघत राहिली. कोण पिंजऱ्यात जाईल याची यादी मी आदल्या रात्री वहीतून काढून देऊ शकले असते. जवळ येण्याच्या क्रमानेच गेली. त्यांची माणसाची भीती मी घालवली होती, सहा महिने घाम गाळून.

टेंपो घाटावर गेला. नक्की कुठे, ते मला कुणी सांगितलं नाही.

नंतर काकांनी दोन वाक्यं ऐकवली. एक, "तुझ्यामुळे धीट झाली म्हणून आगरात शिरायला लागली." दोन, "तुझ्यामुळेच पकडता आली." दुसरं खरं आहे. पहिलं खोडून काढायला पहिल्या दोन महिन्यांच्या नोंदी हव्यात, आणि तेव्हा टोळी मला दिसतच नव्हती, म्हणून त्या नाहीत. आजवर हे घरात कबूल केलेलं नाही. काका हे वाचत नाहीत म्हणून इथे लिहितेय.

आता हिशोब. त्या वर्षी नारळ झकास आले, हे मान्य केलंच पाहिजे. पुढच्या गणपतीपर्यंत पलीकडच्या वाडीची टोळी आमच्या हद्दीत उतरली. जागा रिकामी, खाणं तयार, कोण सोडेल? शिवाय ती टोळी मला ओळखत नव्हती, त्यामुळे तिची कुठलीच सवय आम्हाला ठाऊक नव्हती. आमची माकडं कुणाच्या तरी आगरात, कुणाची तरी आमच्या, आणि मधे टेंपोवाल्याचं भाडं. काका याला अजून योगायोग म्हणतात.

'गोळी घाला' म्हणणाऱ्यांसाठी: केंद्राने २०१६ साली शिमल्यात तिथल्या माकडांना उपद्रवी ठरवून मारायची मुभा दिली, नंतर हिमाचलच्या आणखी तालुक्यांतही दिली. तरी लोकांचे हात फारसे उठले नाहीत. आपल्याकडेही उठणार नाहीत. आमचे काका शनिवारी मारुतीसमोर नारळ फोडून खोबऱ्याचा तुकडा पारावरच्या माकडाला देतात आणि रविवारी त्याच माकडाला दगड मारतात. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या माकडांवर वर सांगितलेल्या सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये शोधनिबंध लिहिला. तिथली काही माकडं हात पुढे करून 'कू' असा आवाज काढत माणसाकडे खाणं मागतात, आणि समोरच्याचं लक्ष आहे की नाही तेही बघतात. हे त्यांना कुणी शिकवलं? आपणच, गाडीची काच खाली करून.

नसबंदीही होते. हिमाचलात २००६-०७ पासून लाखाच्या वर माकडांची केली. पण नसबंदी केलेलं माकड उपास धरत नाही. ते मरेपर्यंत खाणारच, तेव्हा फळ दिसायला काही वर्षं थांबायची तयारी हवी.

वानरांचं गणित वेगळं, ते माकडांना लावू नका. 'हुप्प्याला, म्हणजे टोळीच्या मुख्य नराला, उचला, टोळी पांगेल' असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. धारवाडला सुगियामा या संशोधकांनी १९६० च्या दशकात आणि राजस्थानातल्या अबूला सारा हर्डी या संशोधिकेने सत्तरच्या दशकात जे पाहिलं ते वेगळंच आहे: हुप्प्या बदलला की नवा नर बरेचदा अंगावरची पिल्लं मारतो आणि त्या माद्या लवकर पुन्हा गाभण राहतात. टोळी तिथेच राहते.

म्हणजे अभ्यासाने नुकसान कमी होतं का? माझ्या अभ्यासाने काकांचा एक नारळ वाचला नाही. पण त्यांनी रान तोडलं असतं तर वाचले असते, हे मी मरेपर्यंत म्हणत राहणार. शेवटी गेल्या वर्षी त्यांनी ते तोडलं. मी सांगितलं म्हणून नाही, साप निघाला म्हणून. आता विचारलं की म्हणतात, "हल्ली जरा कमी येतात, थंडी फार पडते ना."

राहिलेलं सांगते, खरं तर आधी सांगायला हवं होतं. शेताजवळच्या टोळीला सवय लावण्याआधी दहादा विचार करा. माझा अनुभव असा की त्याची किंमत माकडं मोजतात. रानात जाण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी आणि रेबीजची लस, दोन्ही हवं. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडे जाणार असाल तर माकडतापाची चौकशी करून जा. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा आजार २०१६ पासून तिथेही आहे, गोचिडीतून येतो. मेलेलं माकड दिसलं तर कितीही कुतूहल वाटलं तरी हात लावू नका, आधी आरोग्य केंद्राला कळवा.

आणि आमच्या वाडीत यायचं असेल तर डिसेंबरात या, मोहर असतो, टोळी सकाळीच दिसते. काकांना भेटा, नारळपाणी पाजतील. फक्त दुर्बीण पिशवीतच ठेवा.