परवाना हातात आला, बंदूक हातात बसली का?

प्रश्न : आमची केळीची बाग यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. रानडुकरांचा उपद्रव फार वाढल्यामुळे माझ्या यजमानांनी परवाना काढून बारा बोअरची दुनळी बंदूक घेतली. सासऱ्यांकडे पूर्वी ठासणीची बंदूक होती, त्यामुळे आपल्याला शिकण्यासारखे काही उरलेले नाही, असे यजमानांचे म्हणणे आहे. परवान्यापुरते प्रशिक्षण त्यांनी कसेबसे उरकले. बांधावर ठेवलेले डबे उडवता आल्यापासून त्यांचा उत्साह आणखी वाढला असून आता दीरही रात्री तीच बंदूक घेऊन बागेत जातात. मी काही बोलले की ‘तुला त्यातले काय कळते’ असे ऐकावे लागते. माझी काळजी अवाजवी आहे का?

उत्तर : ताई, आपली काळजी अगदी रास्त आहे. सर्वांत आधी दिरांचे बंदूक घेऊन जाणे थांबवायला हवे. परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो. ज्याचे नाव परवान्यावर नाही त्याने बंदूक घेऊन फिरणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे आणि त्यापायी यजमानांचा परवानाही जाऊ शकतो. दुसरे असे की, बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुकरालाही १९७२ चा वन्यजीव कायदा लागू असल्यामुळे, पिकाची कितीही नासाडी झाली तरी वन विभागाच्या परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही.

आता यजमानांच्या आत्मविश्वासाविषयी. जॉइस एर्लिंगर, डेव्हिड डनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अमेरिकेतील एका नेमबाजी स्पर्धेला आलेल्या लोकांची बंदुकीचे ज्ञान आणि सुरक्षितता या विषयांवर चाचणी घेतली होती. ज्यांची उत्तरे सर्वांत जास्त चुकली, त्यांनाही आपण चांगली कामगिरी केली आहे असे वाटत होते, कारण स्वतःची चूक ओळखायला जे ज्ञान लागते तेच त्यांच्याकडे कमी होते. यजमान मुद्दाम हट्ट करतात असे म्हणूनच मला वाटत नाही. आपल्याला काय येत नाही, हे त्यांना अजून कोणी दाखवूनच दिलेले नाही.

ठासणीच्या एकनळी बंदुकीचा अनुभव येथे उपयोगी पडण्याऐवजी घातक ठरू शकतो. ती एकदा उडाली की रिकामी होते. दुनळीत मात्र एक बार काढल्यावरही दुसऱ्या नळीत जिवंत काडतूस असते, आणि जुन्या सवयीचा माणूस नेमका त्याच क्षणी निश्चिंत होतो. अनेक दुनळी बंदुकांचा सेफ्टी खटका फक्त घोडा, म्हणजे बोटाने ओढायची कळ, अडवतो, त्यामुळे बंदूक जोरात आपटली तर खटका लावलेला असूनही ती उडू शकते. पावसाळ्यात काळ्या मातीतून चालताना नळीच्या तोंडात चिखल गेला आणि तसाच बार काढला, तर नळी फुटू शकते. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरपेक्षा बारीक असते; ते चुकून बारा बोअरच्या बंदुकीत घातले, तर पुढे सरकून नळीत अडकते आणि त्यामागे बारा बोअरचे उडवल्यास बंदूक हातातच फुटू शकते. काडतूस उडाले नाही, तरी नळी लगेच उघडायची नसते; किमान अर्धा मिनिट ती निर्धोक दिशेला धरून थांबावे लागते, कारण कधी कधी दारू उशिरा पेट घेते. यांतले काहीही डबे उडवून शिकता येत नाही.

त्यातही मला सर्वांत जास्त भीती वाटते ती रात्रीच्या बागेची. डबा उजेडात असतो आणि तो डबाच आहे, हे आधीपासून ठाऊक असते. दाट केळीत पलीकडच्या ओळी दिसत नाहीत, आणि शेतीची वीज अनेकदा रात्रीच येत असल्यामुळे पाणी भरणारा गडी, शेजारचा शेतकरी किंवा आपले दीरच तेथे उभे असू शकतात. निव्वळ सळसळीवर नेम धरायचा नाही, लक्ष्य आणि त्याच्या मागे काय आहे ते डोळ्यांनी दिसल्याशिवाय बोट घोड्यावर न्यायचे नाही, हा नियम घाबरलेल्या अवस्थेतही हाताने पाळावा लागतो, आणि तेवढी सवय जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पुनःपुन्हा सराव केल्यानेच लागते. शस्त्र नियम, २०१६ मध्ये सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे ती याचसाठी. त्याचे प्रमाणपत्र म्हणजे शिक्षणाची सुरुवात समजावी. जिल्हा पोलीस मुख्यालयात किंवा मान्यताप्राप्त रायफल क्लबमध्ये सरावाची चौकशी यजमानांनी करावी, आणि तोवर रात्री बंदूक बाहेर काढू नये. डुकरांसाठी तूर्त कुंपण आणि दिव्यांवर भिस्त ठेवावी. घरात बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत असावीत व किल्ल्या फक्त यजमानांकडे असाव्यात.

प्रश्न : मी साक्री तालुक्यात राहतो. पुतण्याच्या वरातीत माझ्या परवान्याच्या बंदुकीतून हवेत दोन बार काढावेत, असा पाहुण्यांचा आग्रह आहे. मी सावधगिरी बाळगली तर चालेल का?

उत्तर : नाही. शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर, इतरांचा जीव धोक्यात येईल असा आनंदोत्सवातील गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यासाठी २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वर सोडलेले खाली येतेच, आणि वरातीच्या गर्दीत कोणी धक्का दिला तर नळी कोणाकडे वळेल ते आपल्या हाती राहत नाही. पाहुण्यांना आपला नकार आजच कळवा आणि लग्नाच्या दिवशी बंदूक घरी कुलपातच राहू द्या.