एआय पाइपलाइन लिहायला लागल्यावर डेटा इंजिनीअर व्हावं का?

तुम्ही विचारलंय की नाशिकला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, डेटा इंजिनीअरिंगचा सहा महिन्यांचा कोर्स लावायचा विचार होता, घरचे पैसे भरायलाही तयार आहेत. पण आता एआयच पाइपलाइन, म्हणजे ठिकठिकाणचा डेटा गोळा करून, साफ करून एका जागी पोचवणारा कोड, लिहून देतं, तर या वाटेला जावं का. मी 14 वर्षं हेच काम करतोय. आधी पुण्यात होतो, 2020 पासून इंदिरानगरला घरूनच करतो. माझं उत्तर 'या' असंच आहे. पण असे बहुतेक कोर्स ज्या कामासाठी माणूस तयार करतात, त्या कामासाठी येऊ नका.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. कांद्याच्या एका व्यापारी कंपनीचं काम आलं. लासलगाव आणि विंचूरला त्यांची खरेदी चालते. रोज किती गाड्या घेतल्या, काय भावाने घेतल्या, खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या माल उतरवायच्या आवारात, किती क्विंटल उतरला, हे सगळं एका ठिकाणी दिसावं, एवढीच त्यांची मागणी. पाइपलाइनचा कोड मी एआयकडून लिहून घेतला. एरवी आठवडा गेला असता ते काम दुपारच्या चहापर्यंत उरकलं. कोड वाचला, टेस्ट चालवल्या, सगळं हिरवं, म्हणजे पास. त्यात एक पायरी अशी होती: एका तारखेला एकच पावती नंबर दोनदा आला तर ती ओळ दुबार समजायची आणि नंतरची तेवढी ठेवायची. एक्सेलच्या फायलींत कॉपी-पेस्टने दुबार ओळी येतातच, त्यामुळे मलाही ते पटलं.

तीन आठवड्यांनी त्यांच्या मुनीमकाकांना वेगळ्याच कामासाठी फोन केला. बोलता बोलता ते म्हणाले, "दुपारच्या लिलावाचं पुस्तक वेगळं असतं ना आमचं, ते पुन्हा एकपासून सुरू होतं." माझ्या पोटात गोळाच आला. सकाळच्या सत्रातली एक नंबरची पावती आणि दुपारच्या सत्रातली एक नंबरची पावती म्हणजे दोन वेगळे शेतकरी, दोन गाड्या, दोन भाव. आमच्या पाइपलाइनने रोज सकाळच्या कित्येक गाड्या पुसून टाकल्या होत्या. रिपोर्ट नवीन होता, ताडून बघायला जुनं काही नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. शेतकऱ्यांचे पैसे हिशोबपट्टीवर होतात, ते बरोबरच झाले. पण भावाची सरासरी तीन आठवडे चुकीची दिसत होती, आणि किती माल साठवायचा हे त्या आकड्यावरून ठरत होतं.

एआयचा अंदाज वाईट नव्हता. त्या फायली बघून कुणीही चांगला इंजिनीअर तेच करेल. मी तर वाचून मंजूर केलं होतं. पण दुपारचं पुस्तक वेगळं असतं हे कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं, ते फक्त मुनीमकाकांना ठाऊक होतं. आणि मी फोन करायला तीन आठवडे लावले.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. आमच्या कामात एक प्रश्न सगळ्यात मोठा: या टेबलातली एक ओळ म्हणजे नेमकं काय? एक शेतकरी? एक गाडी? एक सौदापट्टी, की वजनकाट्यावरची काटापट्टी? लिलावात पुकारलेला भाव सौदापट्टीवर असतो, खरं वजन काट्यावर कळतं, आणि खळ्यावर माल उलगडल्यावर कधी कधी भावावरून वाद होतो. तिन्ही ठिकाणचा आकडा 'खरेदी' याच नावाने नोंदला जातो. कोणता आकडा कोणत्या प्रश्नाला लागू, हे ज्याला कळतं तो डेटा इंजिनीअर. बाकीचं सगळं टायपिंग होतं, आणि ते टायपिंग आता स्वस्त झालं.

तसं ते याआधीही स्वस्त होत आलंय. मी लागलो तेव्हा चौकोन आणि बाण ओढून ईटीएल (डेटा काढा, बदला, भरा) करायचो आणि रात्रीची बॅच पडली की दोन वाजता उठायचो. मग अनेक कॉम्प्युटरवर मोठा डेटा हाताळणारं हडूप आलं, त्यावर चालणारा मॅपरिड्यूसचा कोड लिहिणाऱ्यांना भाव आला. मग तेच काम वेगाने करणारं स्पार्क आलं आणि मॅपरिड्यूसचा तो बराचसा कोड कुणी पुन्हा उघडून पाहिला नाही. मग क्लाउडवरचे वेअरहाउस (डेटाची मोठी कोठारं) आले, डेटा आधी जसाच्या तसा भरायचा आणि नंतर आत बदलायचा अशी उलटी रीत पडली. एडगर कॉडचा रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे डेटा टेबलांत मांडायच्या पद्धतीचा, शोधनिबंध 1970 चा, त्यावर उभी राहिलेली एसक्यूएल, म्हणजे टेबलांना प्रश्न विचारायची भाषा, 1974 ची. या सगळ्या उलथापालथीत टिकली ती एसक्यूएल, कारण तिला प्रश्न नीट विचारावा लागतो.

या वेळी फरक एवढाच की कामाची दुसरी एक बाजू उघडली आहे, आणि ती मला मनापासून आवडते. पूर्वी आमचा डेटा माणसं रिपोर्टमध्ये वाचायची. आता तो चॅट असिस्टंट वाचतात आणि लोकांना उत्तरं देतात. आकडा विचित्र दिसला तर माणूस थांबतो, फोन करतो. असिस्टंट मात्र चुकीची ओळही ठामपणे सांगून मोकळा होतो. म्हणजे खाली चुकलं की वर ते लपून राहतं.

त्यात आपली मराठी कागदपत्रं. एका सहकारी संस्थेचे जुने ठराव असिस्टंटला द्यायचे होते. पीडीएफ उघडली की स्वच्छ मराठी दिसायची, पण मजकूर बाहेर काढला की नुसता कचरा, कारण ती युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरवर एकच ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. आधी रूपांतर, मग तपासणी. शिवाय आपला 'ऱ्य' आणि 'ऱ्ह'. 'कुऱ्हाडे' हे आडनाव युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं: एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि मागे एक न दिसणारं अक्षर. डोळ्यांना दोन्ही एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळी माणसं. दोन याद्यांची जोड लावताना कुऱ्हाडे गळतात आणि पाटील राहतात. पुन्हा तारखा कुठे देवनागरी अंकांत, कुठे इंग्रजी. हे सगळं एआयला सांगितलं तर ते दोन मिनिटांत दुरुस्त करून देतं. पण सांगायला ते आधी कुणाला तरी दिसावं लागतं, आणि दिसतं ते मराठी वाचणाऱ्याला. नाशिकमध्ये बसलेल्या मुलामुलींना इथे खरोखर संधी आहे.

दुसरं, कोणाला काय दिसावं. समजा सातपूरच्या एखाद्या कारखान्याने आपली सगळी कागदपत्रं असिस्टंटला दिली आणि त्यात पगारपत्रकही गेलं. मग कुणीही विचारावं आणि त्याने सांगावं. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला. त्यात माणसाला संमती मागे घेण्याचा आणि आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. टेबलातली ओळ पुसणं सोपं. पण त्याच ओळीचे तुकडे करून, अर्थावरून शोधता यावेत म्हणून आकड्यांत बदलून, चार ठिकाणी साठवले असतील तर? कुठून आलं, कुठे गेलं, याचा माग आधीपासून ठेवलेला असेल तरच ते पुसता येतं.

माग ठेवणं आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडा या शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची ग्रेपनेट ही व्यवस्था आहे. बाग नोंदवलेली, नमुना प्रयोगशाळेत तपासलेला, पॅकहाउसची नोंद, आणि परदेशात पेटीबद्दल तक्रार आली तर मागे मागे जात थेट बागेपर्यंत पोचता येतं. दिंडोरी-निफाडच्या बागायतदाराला ही शिस्त पाठ आहे. आमच्या धंद्यात याला लिनिएज म्हणतात, आणि बऱ्याच कंपन्यांत तो नसतो.

आता जी गोष्ट मला खरोखर टोचते ती. आम्ही शिकलो ते बारीकसारीक कामांतून: एक कॉलम वाढव, एक फाइल लोड कर, पडलेली बॅच का पडली ते शोध. ती कामं आता एआयकडे जातात. त्यामुळे नव्या माणसाला घ्यायला कंपन्या का-कू करतात, माझ्या ओळखीतही हे दिसतंय. 'काळजी करू नका' असं मी तुम्हाला सांगणार नाही. पहिली नोकरी मिळायला आमच्या वेळेपेक्षा जास्त खेटे घालावे लागतील. आम्ही सीनिअर लोकांनी फोन करताना, चूक शोधताना नव्यांना शेजारी बसवलं पाहिजे. मी आता तसं करतो, पण सगळीकडे ते होत नाही.

कोर्सबद्दल. बारा टूल्सची नावं लावलेली जाहिरात असेल तर पैसे भरू नका. तुम्ही पास होईपर्यंत त्यातली काही बदललेली असतील. एसक्यूएल मात्र खोल शिका: जॉइननंतर (दोन टेबलं जोडल्यावर) ओळी का वाढतात, विंडो फंक्शन (आजूबाजूच्या ओळी धरून केलेला हिशोब), रिकाम्या किमती बेरजेत आणि तुलनेत कशा वागतात. पायथन कामापुरतं, शिवाय कोडमधले बदल जपून ठेवणारं गिट. आणि क्लाउडचं बिल वाचायला शिका. गूगलच्या बिगक्वेरीसारख्या वेअरहाउसमध्ये जेवढा डेटा चाळला जातो त्यावर पैसे लागतात, आणि एआय बिनदिक्कत सगळे कॉलम मागणारी क्वेरी लिहून देतं.

कोर्सची फी अजून भरली नसेल तर महिनाभर थांबा. अॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समित्यांची रोजची आवक आणि भाव मिळतात. लासलगावचा एका वर्षाचा डेटा घ्या, पाइपलाइन खुशाल एआयकडून लिहून घ्या. मग एक दिवस सकाळी तिथे जाऊन लिलाव बघा, गाडीपासून काट्यापर्यंत आणि काट्यापासून खळ्यापर्यंत एका कागदाच्या मागे चाला. लाल आणि उन्हाळ कांदा एकाच वेळी बाजारात असतो त्या दिवसांत सरासरी भावाचं काय होतं ते विचारा. सुट्टी असते त्या दिवशी शून्य लिहायचं की ओळच नसावी, तेही ठरवा. परत येऊन तुमच्या टेबलात जे बदलावं लागेल त्याची दोन पानं लिहा आणि मुलाखतीला घेऊन जा. मी मुलाखती घेतो. मला ती दोन पानं वाचायला आवडतील.