'स' दाबला की टर्मिनलमध्ये 'आर्ग: 8' का येतं?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात घरच्या उबंटू लॅपटॉपवर मराठी व्यवस्थित टाइप होतं, पण एसएसएचने (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची सोय) ऑफिसच्या सर्व्हरवर गेलं आणि 'सभासद' फोल्डरचं नाव लिहायला घेतलं की 'स' दाबताच प्रॉम्प्टच्या जागी कंसात 'आर्ग: 8' येतं. इनस्क्रिप्ट (मराठीचा प्रमाण कीबोर्ड) सोडून फोनेटिक (इंग्रजी उच्चारावरून टाइप करायचा) घेऊ का, हा तुमचा प्रश्न.

कृपा करून इनस्क्रिप्ट सोडू नका, कीबोर्डचा यात काहीच दोष नाही. मी महापेला सर्व्हर सांभाळतो, हा प्रकार नेहमी बघतो. खात्री करायची तर सर्व्हरवर नुसतं 'कॅट' लिहून एंटर मारा आणि 'स' टाइप करा. तिथे 'स' नीट उमटला तर कीबोर्ड, टर्मिनल, एसएसएच सगळं ठीक आहे, घोळ बॅशच्या (कमांड घेणारा शेल) रीडलाइनमध्ये, म्हणजे टाइप केलेली ओळ वाचणाऱ्या भागात आहे.

यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) 'स' म्हणजे तीन बाइट, सोळाच्या अंकपद्धतीत लिहिलेले: ई0, ए4, बी8. लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) 'सी', म्हणजे साधं इंग्रजी, असलं की रीडलाइन असे बाइट अक्षराचे मानत नाही. वरचा बिट काढून टाकते आणि 'आल्टसोबत उरलेली की' असा अर्थ लावते. बी8 मधून उरतो 38, म्हणजे आस्की या जुन्या इंग्रजी अक्षरसंचातला आकडा 8. आल्ट-8 म्हणजे पुढची की आठ वेळा! लगेच इंग्रजी 'के' दाबून बघा, आठ 'के' येतील. 'ल'ला 2 येईल, 'ह'ला 9.

आता लोकेल 'सी' का झालं? उबंटूचं एसएसएच तुमच्या लॅपटॉपची भाषेची सेटिंग सोबत पाठवतं. सर्व्हरवर ते लोकेल बसवलेलंच नसेल तर तो मुकाट 'सी'वर जातो. सर्व्हरवर 'लोकेल' ही कमांड चालवा, 'डिफॉल्ट लोकेल सेट करता येत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली की कारण सापडलं. मग 'लोकेल -ए'ने काय काय बसवलंय ते बघा. 'सी.यूटीएफ-8' बहुतेक नव्या लिनक्सवर असतंच. बॅशआरसीमध्ये (बॅशची सेटिंग फाइल) 'लँग'ला तेच नाव एक्सपोर्ट करा, 'एलसी_ऑल' आणि 'एलसी_सीटाइप' अनसेट करा (हे दोन्ही 'लँग'ला दाबून टाकतात) आणि पुन्हा लॉगिन करा.

इनपुटआरसीमध्ये (रीडलाइनची सेटिंग फाइल) 'कन्व्हर्ट-मेटा ऑफ' टाका, असा सल्ला जागोजागी मिळेल. तेवढ्याने 'आर्ग' जाईल, पण लोकेल 'सी'च राहिलं तर एक 'स' पुसायला तीनदा बॅकस्पेस लागेल आणि कर्सर भरकटेल. म्हणून आधी लोकेल नीट करा. त्यानंतरही जोडाक्षरांपाशी कर्सर एखादं घर इकडेतिकडे दिसला, तर तो टर्मिनल आणि शेल यांच्यातला अक्षराच्या रुंदीचा वाद आहे. दुसरं टर्मिनल वापरून बघा, सर्व्हरवर आणखी काही बदलू नका.