चकती सरकलीय, दुर्बिणीचं ऑपरेशन लगेच करावं का?

तुमच्या भावाची कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली (एल४-एल५) चकती सरकलीय आणि ठाण्यातल्या डॉक्टरांनी दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवलंय, असं तुम्ही लिहिलंय. घाई नको. चकतीचा बाहेर आलेला भाग बऱ्याचदा शरीरच हळूहळू शोषून घेतं. चकतीने नस दाबली की पायात कळ येते; बहुतेकांची ही कळ औषधं आणि फिजिओथेरपीने ६ ते १२ आठवड्यांत कमी होते. तोवर घोडबंदर रोडवरून बाइक मात्र अजिबात नको.

ऑपरेशनमध्ये साधारण १ सेंटिमीटरच्या छेदातून नस दाबणारा तुकडा तेवढा काढतात. त्याने पायातली कळ जाते, कंबरदुखी जाईलच असं नाही. हे आधीच स्पष्ट विचारून घ्या.

पण लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेना झालं, तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.