सनद गेली, मिस्सा चालूच राहिली

प्रश्न असा आहे: हान्स क्यूंग यांच्यावरच्या एका मराठी लेखात त्यांना 'पोपने बहिष्कृत केलेला पाखंडी धर्मपंडित' म्हटलंय. हे शब्द बरोबर आहेत का?

धर्मपंडित ठीक आहे. बाकीचे दोन्ही चुकले, आणि 'बहिष्कृत' जरा जास्तच चुकला.

आधी काय घडलं ते पाहू. क्यूंग स्वित्झर्लंडमधल्या सुर्से गावचे, जन्म 1928 चा. 1954 मध्ये फादर झाले, 1960 मध्ये जर्मनीत ट्युबिंगन विद्यापीठात प्राध्यापक. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या 1962-65 मधल्या सभेत, ते तज्ज्ञ सल्लागार होते. 1970 मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातच प्रश्नचिन्ह टाकलं: अचूक? श्रद्धेच्या बाबतीत पोपचा अधिकृत निर्णय चुकूच शकत नाही, हा 1870 सालचा सिद्धांत त्यांना पटत नव्हता. पुढे काही वर्षं रोमशी, म्हणजे पोपच्या धर्मकचेरीशी, पत्रापत्री चालली. माझ्याविरुद्धची फाइल आधी मला दाखवा, असं क्यूंग म्हणत राहिले. शेवटी 18 डिसेंबर 1979 रोजी रोमने जाहीर केलं, की यापुढे त्यांना कॅथलिक धर्मपंडित मानता येणार नाही आणि त्या नात्याने शिकवताही येणार नाही.

बस्स, एवढंच. फादरकी गेली नाही. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, करायला बंदी आली नाही. ख्रिस्तसभेतून, म्हणजे चर्चमधून, कोणी बाहेर काढलं नाही. गेली ती शिकवण्याची परवानगी, आणि तिच्यासाठी मराठीत अगदी नेमका शब्द पडून आहे: सनद. वतनाची सनद असे, इनामाची असे. आता मुख्यतः वकिलाची उरली, आणि 'सनदी अधिकारी' या जोडशब्दात थोडी. वकिलाची सनद रद्द झाली तर त्याला कोर्टात उभं राहता येत नाही. पण घरात जेवायला बसता येतं, देवळात जाता येतं. क्यूंग यांचं नेमकं हेच झालं. गंमत म्हणजे नोकरीही टिकली. विद्यापीठ सरकारी असल्यामुळे त्यांची संस्था कॅथलिक विद्याशाखेतून काढून थेट विद्यापीठाखाली आणली गेली आणि 1996 मध्ये निवृत्त होईपर्यंत ते शिकवत राहिले.

खरोखर बहिष्कृत पाहायचे असतील तर श्रीलंकेचे फादर तिस्सा बालसूर्य. 1997 च्या जानेवारीत रोमने त्यांना बाहेर काढलं आणि वर्षभराने परत घेतलं. तिथेही मी 'बहिष्कृत' लिहिताना थबकेन. 'बहिष्कृत भारत' हे बाबासाहेबांच्या पाक्षिकाचं नाव; तिथला बहिष्कृत जन्मापासूनच बाहेर ठेवलेला, त्याची कुणी सुनावणीही केलेली नाही. 'वाळीत टाकलं' म्हटलं तर पाणी आणि सोयरीक तोडल्याचा वास येतो. बालसूर्यांच्या बाबतीत साक्रामेंतं, म्हणजे चर्चचे पवित्र संस्कार, बंद झाली होती. तेवढं सरळ लिहिलं तरी चालतं.

त्या सगळ्या चौकशीला मात्र आपला जुना शब्द झकास बसतो: ग्रामण्य, म्हणजे धर्माचार मोडल्याबद्दल जातीने चालवलेला खटला. 1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहावरून पुढे रानडे-टिळकांवर जे चाललं, ते ग्रामण्य. आरोप, शास्त्रार्थ, निवाडा, मग प्रायश्चित्त, असा सगळा सरंजाम. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. क्यूंग यांनी शब्द मागे घेतला नाही.

राहिला 'पाखंडी'. रोमने तो शिक्का क्यूंगवर मारलेलाच नाही, म्हणून तो सोडावा. शिवाय हिंदीच्या शेजाराने आता पाखंडी म्हणजे ढोंगी असंही वाचलं जातं, आणि क्यूंग यांना ढोंगी कोणी शत्रूही म्हणणार नाही. शब्दाचं नशीब मात्र बघण्यासारखं आहे. अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' म्हणजे नुसता पंथ, सगळ्या पासंडांचा राजा मान राखतो. तिकडे ग्रीक 'हैरेसिस'चा अर्थ मुळात निवड, मग पंथ. दोन्ही शब्द सभ्य घरचे, दोन्हींची शिवी झाली.

तेव्हा 'रोमने शिकवण्याची सनद काढून घेतलेले धर्मपंडित' असं लिहावं. लांबतं, मान्य. ट्युबिंगनमधले त्यांचे जुने सहकारी राट्सिंगर पोप झाल्यावर 2005 च्या सप्टेंबरात कास्टेल गांडोल्फोला दोघे तासन्‌तास बोलले. जुना वाद मात्र दोघांनी बाजूलाच ठेवला. 2021 मध्ये क्यूंग वारले. सनद तोवर परत आली नव्हती.