जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आणि गेम्स: आधी खेळांची यादी, मग डिस्ट्रो

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही कोल्हापूरच्या कसबा बावड्यात खोली घेऊन राहता, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि तुमच्याकडे आय५-७३००एचक्यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० ग्राफिक्स असलेला जुना लॅपटॉप आहे. त्यावर विंडोज ११ बसत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून पूर्णपणे लिनक्सवर यावे का, आल्यास व्हॅलोरंट, सीएस २, जीटीए ५, विचर ३ आणि एफसी २५ हे पाच खेळ चालतील का, आणि 'गेमिंगसाठी सगळ्यात भारी डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती) कोणता', असे तुम्ही विचारले आहे. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत कमी महत्त्वाचा असल्याने त्याकडे सावकाश येतो.

तुमच्या पाचपैकी दोन खेळ, म्हणजे व्हॅलोरंट आणि एफसी २५, लिनक्सवर चालणार नाहीत. जीटीए ५ अर्धा चालेल. सीएस २ आणि विचर ३ व्यवस्थित चालतील. ही विभागणी कशामुळे झाली हे एकदा ध्यानात आले की पुढे कोणत्याही नव्या खेळाबाबत तुम्हाला दुसऱ्याला विचारावे लागणार नाही, म्हणून आधी थोडे त्याविषयी लिहितो.

विंडोजसाठी लिहिलेला खेळ लिनक्सवर चालतो तेव्हा आत कोठेही दुसरा संगणक उभा केलेला नसतो. प्रोसेसर तोच असतो आणि त्याला समजणाऱ्या सूचनाही त्याच असतात. अडते ते फक्त खेळ विंडोजकडे ज्या मागण्या करतो तेथे, म्हणजे फाइल उघडणे, आवाज वाजवणे, पडद्यावर चित्र काढणे अशा कामांपाशी. या मागण्या लिनक्सकडून पुऱ्या करून घेण्याचे काम वाइन हा प्रकल्प १९९३ पासून करत आहे. उद्यमनगरात एका मशीनचा शाफ्ट दुसऱ्याच कंपनीच्या पुलीत बसवायचा असेल तर लेथवर मधला बुश काढून देतात, तशातलाच हा प्रकार आहे. चित्र काढण्याचा भाग मात्र वाइनला फार काळ जड गेला, कारण विंडोजवरचे बहुतेक खेळ डायरेक्ट३डी ही मायक्रोसॉफ्टची चित्रे काढण्याची प्रणाली वापरतात आणि तिचे ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स प्रणालीत केलेले रूपांतर संथ चालत असे. फेब्रुवारी २०१६ मध्ये वल्कन ही नवी ग्राफिक्स प्रणाली आली आणि चित्र पालटले. डायरेक्ट३डी ९, १० आणि ११ साठी डीएक्सव्हीके, तर १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन असे दोन थर वल्कनवर उभे राहिले. स्टीम हे खेळांचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॅल्व्ह कंपनीने वाइनवर काम करणाऱ्या कोडवीव्हर्सच्या साथीने हे सारे एकत्र बांधून ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन या नावाने थेट स्टीममध्येच घातले, त्यामुळे खेळणाऱ्याने फक्त 'इन्स्टॉल' दाबावे एवढी सोय झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आलेले स्टीम डेक हे व्हॅल्व्हचे हातात धरून खेळायचे यंत्र लिनक्सवरच चालत असल्यामुळे पुढे अनेक कंपन्या आपले खेळ प्रोटॉनवर स्वतःहून तपासू लागल्या. एकट्याने खेळायच्या खेळांबाबत आता माझा अंदाज 'चालेल' असाच असतो, आणि न चालणारा खेळ निघाला तर मला नवल वाटते.

ऑनलाइन खेळांचे तसे नाही. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड हा अँटी-चीट, म्हणजे खेळातली फसवणूक पकडणारा प्रोग्राम, संगणक सुरू होतानाच विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, जाऊन बसतो आणि तेथून पहारा देतो. वाइन खेळाच्या मागण्या पुऱ्या करू शकते; पण विंडोजचा कर्नलच तेथे नसल्याने व्हॅनगार्डला बसायला जागाच मिळत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज टाकून पाहावे, तर व्हॅनगार्ड ते ओळखून नकार देतो. एफसी २५ मध्ये ईए या कंपनीचा स्वतःचा अँटी-चीट आहे आणि तेथेही हेच घडते. याउलट ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन सार्वत्रिक अँटी-चीटनी २०२१ मध्येच प्रोटॉनवर चालण्याची मुभा दिली, मात्र ती आपल्या खेळात चालू करायची की नाही हा निर्णय प्रत्येक प्रकाशकावर सोडला. म्हणून एकच बॅटलआय असलेले दोन खेळ असतात, त्यांतला एक लिनक्सवर धावतो आणि दुसरा दारातूनच परत पाठवतो. जीटीए ऑनलाइन २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत लिनक्सवर चालत होते. त्या महिन्यात जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारने बॅटलआय आणले, लिनक्सची मुभा चालू केली नाही, आणि तेव्हापासून लिनक्सवाल्यांना फक्त कथेचा भाग खेळता येतो. ॲपेक्स लेजंड्स या ऑनलाइन खेळानेही त्याच वर्षाच्या अखेरीस लिनक्सची दारे लावून घेतली. हा निर्णय कंपनीचा आहे. तुम्ही डिस्ट्रो बदला, प्रोटॉनची आवृत्ती बदला किंवा रात्र रात्र जागा, यात काडीचाही फरक पडणार नाही. कोणी 'जुगाड आहे' म्हणून यूट्यूबचा व्हिडिओ पाठवला तर त्या वाटेला जाऊ नका, कारण त्यात खाते कायमचे बंद होण्याची शक्यता असते.

आता उरलेल्या तिघांविषयी. सीएस २ ची लिनक्स आवृत्ती व्हॅल्व्हच देते, त्यामुळे तेथे प्रोटॉनची गरजच नाही आणि त्यांचा अँटी-चीटही लिनक्सवर चालतो. ८ जीबी रॅममध्ये तो खेळ चणचणीतच चालेल, तेव्हा सेटिंग खालच्या पातळीवर ठेवा आणि खेळताना ब्राउझर बंद करा. जीटीए ५ ची 'लेगसी' आवृत्ती घ्या. 'एन्हान्स्ड' आवृत्ती तुमच्या ग्राफिक्स कार्डाला झेपणारी नाही. विचर ३ ला डिसेंबर २०२२ मध्ये मोठी सुधारणा आली आणि तेव्हापासून तो सुरू करताना डायरेक्टएक्स (डायरेक्ट३डी त्याचाच भाग) ११ की १२ असे विचारतो. तेथे डोळे झाकून ११ निवडा. तुमचे कार्ड एनव्हिडियाच्या पास्कल पिढीचे आहे आणि त्या पिढीवर डायरेक्ट३डी १२ चे वल्कनमधील रूपांतर लक्षणीयरीत्या मंदावते. ११ मध्ये डीएक्सव्हीकेमुळे विंडोजच्या जवळपास जाणारा वेग मिळतो. विचर ३ तुम्ही स्टीमऐवजी गॉग या ऑनलाइन दुकानातून घेतला असेल तर हीरोइक गेम्स लाँचर वापरा. एपिकच्या दुकानातले खेळही त्यातूनच चालतात.

खेळ विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी या, खेळाडू आपले लिनक्सवरचे अनुभव नोंदवतात त्या, संकेतस्थळावर त्याची नोंद पाहण्याची सवय लावा. पण तेथील 'प्लॅटिनम', 'गोल्ड' या पदकांवर भिस्त ठेवू नका. खाली उतरून गेल्या काही महिन्यांतल्या नोंदी वाचा आणि त्यातही एनव्हिडियाची जुनी कार्डे असलेल्यांनी काय लिहिले आहे ते पाहा. दोन वर्षांपूर्वीचे पदक तुमच्या उपयोगाचे नाही.

ड्रायव्हरविषयी, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी, मात्र सविस्तर लिहितो, कारण तुमच्या लॅपटॉपच्या बाबतीत सगळी मेख तेथेच आहे. एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर लिनक्सबरोबरच येतात, एनव्हिडियाचा वेगळा टाकावा लागतो. आपोआप मिळणारा नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर पास्कल कार्डाचा वेग वाढवू शकत नाही, त्यामुळे कार्ड कायम खालच्या गतीत अडकते आणि 'लिनक्सवर गेम हळू चालतात' अशी बोंब उठते. दुसरे असे की एनव्हिडियाने पास्कलसाठी ५८० ही शेवटची ड्रायव्हर शाखा ठरवली आहे. त्यापुढच्या शाखांना तुमचे कार्ड ओळखताच येत नाही. म्हणून जे डिस्ट्रो नेहमी सर्वांत नवा ड्रायव्हर देतात, त्यांवर एखाद्या सकाळी अपडेट करून लॅपटॉप सुरू केला की काळा पडदा दिसण्याची पाळी येऊ शकते. मित्राच्या नव्या आरटीएक्स कार्डावर आर्चवर आधारलेले डिस्ट्रो सुसाट चालते, हे तुमच्यासाठी त्यामुळेच गैरलागू आहे. तुम्ही लिनक्स मिंटची २२ मालिका घ्या. ती उबुंटू २४.०४ वर आधारलेली आहे, संथ गतीने बदलते आणि तुम्हाला हवे आहे तेही तेवढेच. डिस्ट्रोच्या प्रश्नाचे माझे उत्तर इतकेच आहे.

मिंट बसवल्यावर 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. तेथे ५८० क्रमांकाची बहुधा दोन नावे दिसतील, त्यांतील एकाच्या शेवटी 'ओपन' असेल. ते 'ओपन' तुमच्यासाठी नाही. ते ट्युरिंग आणि त्यानंतरच्या कार्डांसाठी, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासून पुढे आहे. साधे ५८० निवडा. लॅपटॉपच्या बायोसमध्ये 'सिक्युअर बूट' चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो आणि पुन्हा सुरू करताना निळा पडदा येतो, त्यावर 'एनरोल एमओके' असा पर्याय असतो. बहुतेक मुले तो पडदा पाहून बिचकतात आणि पहिल्या ओळीवर, म्हणजे 'कंटिन्यू बूट'वर, एंटर मारतात. मग ड्रायव्हर बसलेला असूनही कर्नल तो घेत नाही आणि दिवसभर कारण सापडत नाही. तेथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हे सर्व करण्याआधी टाइमशिफ्टने प्रणालीचा एक स्नॅपशॉट (बिघडल्यास मागे परतता येईल अशी प्रत) घेऊन ठेवा आणि वळवाच्या दिवसांत ड्रायव्हरचे काम बॅटरी पूर्ण भरलेली असतानाच करा. ऐन ड्रायव्हर बसताना वीज जावी आणि थकलेल्या बॅटरीने मान टाकावी, यासारखा दुसरा ताप नाही.

तुमच्या लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया अशी दोन ग्राफिक्स आहेत. मिंटच्या पट्टीवरील एनव्हिडियाच्या चिन्हातून 'ऑन-डिमांड' ठेवलेत तर बॅटरी टिकते. वल्कन वापरणारे खेळ बहुधा स्वतःहून एनव्हिडिया निवडतात, पण ओपनजीएलवाले खेळ इंटेलवर जातात. खेळ विनाकारण रखडत असेल तर मँगोहड हे पडद्यावर माहिती दाखवणारे साधन लावून कोपऱ्यात कोणत्या कार्डाचे नाव येते ते आधी पाहा. तेथे इंटेल दिसले तर बाकी कोणतीही सेटिंग तपासण्यात अर्थ नाही.

डेटाची अडचण तुम्ही लिहिली आहे: खोलीवर वायफाय नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवता आणि जीटीए पुन्हा उतरवणे परवडणारे नाही. ते उतरवायची गरजही नाही. विंडोजच्या डी ड्राइव्हवर खेळाचे जे फोल्डर आहे, ते लिनक्सच्या स्टीममधील 'स्टीमॲप्स' फोल्डरच्या आतल्या 'कॉमन'मध्ये नाव न बदलता जसेच्या तसे कॉपी करा आणि मग स्टीममध्ये त्या खेळाचे 'इन्स्टॉल' दाबा. स्टीम आधीपासून असलेल्या फाइली तपासते आणि कमी पडेल तेवढेच उतरवते. मात्र डी ड्राइव्हवरूनच खेळ थेट चालवण्याचा मोह टाळा. तो ड्राइव्ह एनटीएफएस या विंडोजच्या फाइल पद्धतीचा असतो, तर प्रोटॉनला प्रत्येक खेळासाठी जे वेगळे फोल्डर लागते त्यात अपूर्णविराम (:) असलेली नावे आणि लिनक्सच्या पद्धतीचे दुवे असतात, आणि ते एनटीएफएसवर नीट राहत नाहीत. त्यातून विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर विंडोज बंद केल्यावरही तो ड्राइव्ह अर्धवट झोपेत राहतो आणि लिनक्स त्यावर लिहायला नकार देते. खेळांसाठी एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल पद्धतीची वेगळी जागा करा.

स्टीम पहिल्यांदा खेळ सुरू करताना 'वल्कन शेडर्स'वर (चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांवर) प्रक्रिया करत बसते. तुमच्या चार कोअरवर त्याला वेळ लागतो, तेव्हा ते 'स्किप' करू नका. केलेत तर पहिला तासभर प्रत्येक नव्या दृश्याला खेळ अडखळतो. रॅम १६ जीबी केलीत तर लाभ नक्की होईल, पण नव्या रॅमचे भाव सध्या चढलेले आहेत, त्यामुळे राजारामपुरीतल्या एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात जुन्या लॅपटॉपची डीडीआर४ पट्टी मिळते का ते आधी विचारा.

क्रॅक केलेल्या खेळांविषयी तुम्ही ओझरते विचारले आहे. त्यात मी मदत करणार नाही, पण एक तांत्रिक गोष्ट सांगतो: वाइनमध्ये झेड ड्राइव्ह म्हणून तुमची सारी लिनक्स फाइल प्रणाली दिसत असते, त्यामुळे अशा खेळाबरोबर आलेला विंडोजचा घातक प्रोग्राम तुमच्या होम फोल्डरमधील प्रोजेक्टच्या फाइलीही सहज उघडू शकतो. 'लिनक्सवर व्हायरस येत नाही' हे वाक्य येथे लागू पडत नाही.

राहता राहिले व्हॅलोरंट आणि एफसी. मित्रांबरोबर रोज व्हॅलोरंट खेळल्याशिवाय जमणारच नसेल, तर पूर्ण लिनक्सवर येऊ नका. विंडोज १० आहे तेथेच थोड्या जागेत ठेवा, त्यातले फास्ट स्टार्टअप बंद करा आणि बाकीच्या जागेत मिंट बसवा. आधार संपलेल्या त्या विंडोजमध्ये बँकेचे व्यवहार, कॉलेजचे पोर्टल आणि मुख्य ईमेल उघडू नका; ती सर्व कामे लिनक्समध्ये करा. एफसी फक्त अधूनमधून खेळत असाल तर त्या एकासाठी विंडोज सांभाळणे मला तरी पटत नाही. डिस्कची विभागणी करण्यापूर्वी ती एसएसडी आहे की फिरती हार्ड डिस्क आणि एकूण किती जीबी आहे ते कळवा, म्हणजे कोणत्या भागाला किती जागा द्यायची ते सांगता येईल.